गाणाऱ्याचं दुखणं हलकं का होतं?

दिवसभर भाताची लावणी करून पाठीचा काटा ढिला झालेला माणूस रात्री जेवून उठतो आणि देवळाकडे निघतो. घरचे म्हणतात, "अहो, आज तरी पडा की जरा." तो ऐकत नाही. गळ्यात टाळ अडकवून दोन-अडीच तास उभा राहतो, पावली खेळतो, घसा ताणून म्हणतो. हिशेबानं तो आणखी दमायला हवा. पण परत येतो तो चांगला हुशारून, आणि पाठीचं विचारलं तर "कुठली पाठ?" असं वर विचारतो. हाच माणूस त्याच रात्री खाटेवर पडून तेच अभंग मोबाइलवर ऐकेल, तर त्याला बरं वाटेल, झोपही लागेल. पाठ मात्र दुखायची तशी दुखतच राहील.

भजनाला जाणारा याचं उत्तर एका शब्दात देतो: भक्ती. त्याच्यापुरतं ते पुरेसं आहे. पण देवाधर्माशी काही देणंघेणं नसलेले, केवळ हौसेनं समूहगानाला जाणारे लोकही असंच सांगतात. तेव्हा देव कुठलाही असो वा नसो, शरीरात काहीतरी घडतं हे नक्की. काय घडतं, ते गेल्या पंचवीसेक वर्षांत थोडंफार उलगडलं आहे. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते. खचलेल्या माणसाला उभं करण्याची ताकद गाण्यात असते असं आपण म्हणतो. ती पुष्कळशी गाणं म्हणण्यात, वाजवण्यात, रचण्यात असते. ऐकणाऱ्याच्या वाट्याला तिचा लहानसा हिस्सा येतो.

वेदनेचा उंबरठा

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये काही साधे प्रयोग प्रसिद्ध केले. काही लोकांना गायला, वाजवायला, नाचायला लावलं. काहींना नुसतं संगीत ऐकवलं. आधी आणि नंतर प्रत्येकाची वेदना सोसण्याची मर्यादा मोजली. अशा प्रयोगांत बरेचदा रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून फुगवत नेतात आणि माणूस "पुरे" कधी म्हणतो ते पाहतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा उंबरठा वर गेला होता. ऐकणाऱ्यांचा होता तिथेच राहिला.

संशोधक याचं श्रेय एंडॉर्फिनला देतात. एंडॉर्फिन म्हणजे शरीर स्वतःच तयार करतं ती अफूच्या जातीची रसायनं. मार लागला, दम लागला की मेंदू ती सोडतो. वेदना बोथट होते आणि वर थोडी खुशीही चढते. मेंदूतलं एंडॉर्फिन रक्तात सहजी उतरत नाही, त्यामुळे रक्त तपासून ते पकडता येत नाही. म्हणून हा दंडाच्या पट्ट्याचा आडमार्ग. पुरावा अप्रत्यक्ष आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

कुणी म्हणेल, नाचल्या-गाण्यानं व्यायाम होतो, त्याचाच हा परिणाम. ही शंका दुसऱ्या एका प्रयोगानं निम्मी फेडली. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्याच वल्हेपटूंना सरावाच्या यंत्रावर एकदा एकेकट्यानं आणि एकदा सगळ्यांनी मिळून एका लयीत वल्हवायला लावलं. मेहनत तेवढीच, यंत्र तेच. तरी एकत्र वल्हवल्यावर वेदना सोसण्याची मर्यादा जास्त भरली. म्हणजे घामाचा वाटा आहे, पण 'सगळ्यांचा हात एकदम पडणं' याचा वेगळा वाटा आहे. दिंडीतल्या टाळकऱ्यांचे पाय एकदम उचलले जातात ते दिसायला सुंदर म्हणून असेल. उचलणाऱ्यांच्या अंगात त्याचं आणखी काहीतरी चाललेलं असतं.

अर्थात दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात वाकलं की पाठ बोलू लागतेच.

ओळीएवढा श्वास

बोलताना आपण वाटेल तिथे श्वास घेतो. गाताना तसं चालत नाही. ओळ संपेपर्यंत श्वास पुरवायचा, मग पटकन भरून घ्यायचा आणि पुढची ओळ धरायची. घेणं छोटं, सोडणं लांब. एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास चालतात. संथ चालीत म्हणताना ते बरेच उतरतात.

इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये लॅटिन जपमाळ म्हणणाऱ्यांचा आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला साधारण सहावर आला. दोन दूरच्या परंपरा, आणि आकडा तोच. याचं कारण हृदयाच्या एका जुन्या सवयीत आहे. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित कमी होतात. हा चढ-उतार मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा एक लांब मज्जातंतू, व्हेगस, सांभाळतो. त्याचं मुख्य काम शरीराला विसावा देणं. सोडणं लांबलं की त्याला जास्त वेळ मिळतो. कित्येक रात्री झोप नसलेल्या, छातीत धडधडणाऱ्या माणसाला "शांत हो" असं सांगून काही होत नाही. पण त्याच्याकडून एक लांबलचक संथ ओळ म्हणवून घेतली, तर त्याच्या नकळत ते काम सुरू होतं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की समूहात गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकत्र वाढतात आणि एकत्र कमी होतात. ही बातमी तेव्हा 'हृदयं एक झाली' अशा थाटात फिरली. त्यात गूढ काही नाही. सगळे एकाच जागी श्वास घेतात, म्हणून सगळ्यांचे ठोके त्याच जागी हलतात. मला तर हे गूढापेक्षा जास्त आवडतं. शेजारी कोण उभा आहे, त्याची जात कोणती, त्याच्याशी बांधावरून भांडण आहे का, हे काही न विचारता ओळ दोघांचा श्वास एका मापाचा करून टाकते.

समेची वाट

तीनतालाच्या सोळा मात्रा ज्यानं कधी मोजल्या नाहीत त्याचीही मान समेवर हलते. म्हणजे सम येण्याआधीच ती कुठे येणार हे मेंदूला ठाऊक झालेलं असतं. लय ऐकताना मेंदू सतत पुढचा ठोका बांधत असतो, आणि त्यासाठी तो हालचालीची केंद्रं वापरतो. माणूस जागचा हलला नाही तरी.

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये व्हॅलरी सालिमपूर आणि रॉबर्ट झाटोरे यांनी २०११ मध्ये लोकांना त्यांच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूतलं डोपामिन तपासलं. डोपामिन म्हणजे 'काहीतरी चांगलं येतंय, सरसाव' असं सांगणारं रसायन. ते दोनदा सुटलेलं दिसलं: आवडती जागा येण्याआधीच्या काही सेकंदांत मेंदूच्या एका भागात, आणि प्रत्यक्ष ती जागा आल्यावर दुसऱ्या भागात. वाट पाहण्याचंही वेगळं सुख असतं, हे यंत्रात दिसलं.

आता खोल निराशेतला माणूस आठवून पाहा. 'उद्या काय करणार आहेस?' हा प्रश्न त्याला कळत नाही असं नाही. त्या प्रश्नात त्याला काही दिसत नाही. निराशेत ज्या गोष्टी फार लवकर जातात त्यात वाट पाहणं एक आहे. अशा माणसाला मोठी आशा देता येत नाही, द्यायला जाऊही नये. पण ढोलकीवर हात ठेवला की त्याला पुढच्या मात्रेची वाट पाहावीच लागते, आणि ती मात्रा येते. मग पुढची. भविष्यकाळ असा सुट्ट्या पैशांत मिळतो. हे प्रयोगानं सिद्ध झालेलं नाही, माझं अनुमान आहे. पण वर सांगितलेल्या गोष्टी जोडल्या की ते फार लांबचं वाटत नाही.

लयीची ही ताकद डोळ्यांनी पाहायची असेल तर पार्किन्सनच्या रुग्णाकडे पाहावं. या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल कधी सुरू करायची याचा आतला इशारा मंदावतो, आणि दारात आलेला माणूस खिळल्यासारखा उभा राहतो. पायात ताकद असते, निघायचंही असतं, पाऊल मात्र उचलत नाही. अशा वेळी कुणी ठेका धरला, चाल म्हटली, तर तो चालू लागतो. बॅटरी उतरलेली गाडी धक्का देऊन सुरू करावी तसं. इंजिन शाबूत आहे, ठिणगी बाहेरून मिळाली. अमेरिकेत मायकेल थाऊट यांनी १९९६ मध्ये ठेक्यावर चालण्याचा तीन आठवड्यांचा सराव देऊन रुग्णांची चाल सुधारल्याचं दाखवलं. न्यूयॉर्कमध्ये २००१ पासून मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत अशा रुग्णांचे वर्ग चालू आहेत, आणि पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनीही पार्किन्सनच्या रुग्णांना नाचायला शिकवलं आहे. गाडी धक्क्यानं सुरू झाली म्हणून बॅटरी भरत नाही. गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात.

जात्यावरची तक्रार

आतापर्यंत श्वास, ठोके, रसायनं झाली. पण खचलेल्या माणसाची तक्रार रसायनांबद्दल नसते. ती सासूबद्दल असते, सावकाराबद्दल असते, गेलेल्या लेकराबद्दल असते. ती कुठे मांडायची?

महाराष्ट्रातल्या बायकांनी ती जात्यापाशी मांडली. पहाटे, घर झोपेत असताना, दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं ती धरून पुढे न्यायची. दगडाचा फेरा लय देतो आणि लय हातांना पुढे ओढते. दाणे मुठी-मुठीनं पडतात तशी ओवीमागून ओवी. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण याच अनुभवातून आली. हालचाल, लय आणि शब्द स्मरणात एकत्र गुंफलेले असले की एकाला हात लावल्यावर बाकीचे वर येतात.

समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हजाराहून अधिक गावांतून. 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या २०१७ पासून प्रसिद्ध होत आहेत. त्यात राम-सीता आहेत, पंढरपूर आहे, भाऊ आहे, पाऊस आहे, बाबासाहेब आहेत. आणि सासुरवास आहे, जो दिवसाउजेडी उंबऱ्यात उभं राहून बोलण्याची कुणा सुनेची टाप नव्हती. ओवीत मात्र तो चालतो. कारण ते ती बोलत नाही, ओवी बोलते. आणि वनवास सीतेचा असतो.

मनातलं नेमक्या शब्दांत मांडल्यानं काय होतं यावर कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लिबरमन यांचा २००७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. घाबरलेल्या किंवा संतापलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून त्या भावनेला नाव द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या भीतीच्या घंटेचा, ॲमिग्डलाचा, गलका कमी झाला. ओवी याच्याही पुढे जाते. ती भावनेला नुसतं नाव देत नाही, मापात बसवते. मापात बसवायचं म्हणजे निवडावं लागतं, कापावं लागतं. ज्या दुःखानं आपल्याला इतके दिवस वाकवलं, त्याला आता आपण वाकवतो.

विजेची गिरणी आली आणि दळण सुटलं. याबद्दल हळहळणारे लेख बरेचदा कधीही दळण न दळलेल्या माणसांनी लिहिलेले असतात. बायकांची पाठ वाचली, हे उत्तमच झालं. पण दळणाबरोबर दोघींची ती पहाटही गेली, आणि तिच्या जागी काय आलं याचा शोध कुणी फारसा घेतला नाही.

तक्रार सांगायची आणखी एक जागा पालखी सोहळ्यात आहे. संध्याकाळच्या समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, मगच आरती पुढे सरकते. अर्ज नाही, विनंती नाही. वाजवणाऱ्याच्या हातात वाद्य आहे, एवढाच त्याचा अधिकार, आणि तो पुरतो.

वाद्यांशिवायचा वाद्यवृंद

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती पडलं. जहाजांतून निसटू पाहणाऱ्या शेकडो बायका आणि मुलं पकडली गेली आणि सुमात्रा बेटावर पालेमबांग इथल्या छावणीत आली. ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन. त्यांत धर्मप्रसारक शिक्षिका होत्या, मळेवाल्यांच्या बायका होत्या, बुडवलेल्या जहाजातून वाचलेल्या लष्करी परिचारिका होत्या. अन्न अपुरं, मलेरिया, आमांश, औषधं जवळपास नाहीत.

त्यांच्यातल्या मार्गारेट ड्रायबर्ग या मिशनरीबाईंची स्मरणशक्ती विलक्षण होती. नोरा चेंबर्स लंडनच्या रॉयल अकॅडमीत व्हायोलिन शिकलेल्या. वाद्य एकही नाही. या दोघींनी ठरवलं की पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचना गळ्यानं गायच्या. ड्रायबर्गबाईंनी त्या आठवून आठवून सापडेल त्या कागदावर उतरवल्या आणि बायकांच्या आवाजांसाठी चार भागांत बसवल्या. शब्द नाहीत, नुसते स्वर आणि निरर्थक अक्षरं. त्यामुळे इंग्रजीची आणि डचची अडचणही सुटली. तीसेक जणी तालमीला येऊ लागल्या.

२७ डिसेंबर १९४३ रोजी पहिला कार्यक्रम झाला. गायिका बसून गायल्या, कारण उभं राहण्याइतकं बळ नव्हतं. सुरुवात द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीतल्या संथ भागानं झाली. थांबवायला आलेला एक पहारेकरी ऐकत उभा राहिला, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं आहे.

या बायकांना त्यातून काय मिळालं? सौंदर्य मिळालं, हे आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती चार भागांची वाटणी. एकसुरी समूहगानात दहा जणी गप्प बसल्या तरी चालून जातं. चार भागांत तसं नसतं. दुसऱ्या आल्टोच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाच्या, जागी सात-आठ जणीच असतात. त्यातल्या दोघी तापानं फणफणल्या तर स्वरांचा सगळा डोलारा एका बाजूला कलतो. म्हणजे छावणीत जिची किंमत एक वाटी भात इतकीच उरली होती, त्या बाईची आज संध्याकाळी कुणाला तरी गरज होती. 'जगण्याचं प्रयोजन' हे शब्द मोठे आहेत. रोजच्या व्यवहारात ते बहुधा एवढंच असतं: आपण गेलो नाही तर तिथे अडतं. आपल्या भजनी मंडळातही गळा नसलेल्याच्या हातात टाळ देतात, आणि चार दिवस तो दिसला नाही की घरी माणूस पाठवतात.

शेवट मात्र सिनेमासारखा नाही. १९४५ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ निम्म्या गायिका मरण पावल्या आणि गाणं थांबलं. ड्रायबर्गबाई त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेल्या, सुटकेच्या काही महिने आधी. छावणीतले ते हस्तलिखित कागद पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पोचले, आणि १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बायकांच्या एका समूहानं त्या रचना पुन्हा गायल्या.

तेच सूर, दुसरी छावणी

याच काळात पोलंडमधल्या बिर्केनाउ इथल्या नाझी छळछावणीतही वाद्यवृंद होते. तिथे वाद्यं होती, उत्तम वादक होते, व्हिएन्नाच्या व्हायोलिनवादक आल्मा रोझे बायकांच्या वृंदाच्या प्रमुख होत्या. सकाळी मजुरीला जाणाऱ्या आणि संध्याकाळी मेलेल्यांना उचलून आणणाऱ्या कैद्यांच्या रांगा दारातून जात, तेव्हा या वृंदाला मार्च वाजवावा लागे. रांगेतल्यांची पावलं तालात पडावीत आणि मोजणं सोपं जावं, म्हणून. लयीनं पाय आपोआप उचलतात, हा वर सांगितलेला तोच गुण.

पुरुषांच्या वृंदाचे प्रमुख शिमोन लाक्स वाचले आणि त्यांनी आठवणी लिहिल्या. संगीतानं कैद्यांना धीर दिला, हे म्हणणं त्यांनी साफ नाकारलं. १९४३ च्या नाताळात त्यांच्या वादकांना बायकांच्या इस्पितळात गाणी वाजवायला पाठवलं. आजारी बायका आधी रडल्या, मग ओरडू लागल्या: थांबवा हे, आम्हाला सुखानं मरू द्या.

वृंदातल्या वादकांचं मात्र वेगळं झालं. चेलो वाजवणारी आनिता लास्कर ही तरुण मुलगी वाचली ती वृंदाला चेलोवादक हवा होता म्हणून. म्हणजे तिथेही वाजवणाऱ्याला संगीतानं काही दिलं. ज्यांच्यावर ते लादलं गेलं त्यांच्याकडून उरलंसुरलं काढून घेतलं. दुःखी माणसापुढे गाणी वाजवली की त्याला बरं वाटेल, असं मानणाऱ्या प्रत्येकानं लाक्स वाचावा. वृद्धाश्रमात सणासुदीला माइक घेऊन येणाऱ्या मंडळींनी तर आवर्जून.

गुण येतो, पण किती?

लंडनमध्ये डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी बाळंतपणानंतर नैराश्यात गेलेल्या १३४ आयांचे तीन गट केले. एका गटाला दहा आठवडे बाळांसोबत गाण्याचे वर्ग, दुसऱ्याला खेळ-कलेचे वर्ग, तिसऱ्याला नेहमीची देखभाल. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांचं नैराश्य बरंच जास्त होतं, अशा आयांपैकी गाण्याच्या गटातल्या सगळ्यात लवकर सावरल्या. दहा आठवड्यांनी बाकीच्याही सुधारल्या होत्या. फरक वेगाचा होता. पण तान्हं मूल कुशीत असताना महिनाभर आधी सावरणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे बाराव्या दिवशी आळीतल्या बायका जमून पाळणा म्हणतात. तेराव्या दिवसापासून ती आई आणि ते बाळ, दोघंच.

असाच एक निष्कर्ष २०१५ चा. प्रौढांच्या गाण्याच्या वर्गाची तुलना हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांशी केली. गाणारे अनोळखी लोक झपाट्यानं जवळ आले. सात महिन्यांनंतर मात्र सगळेच वर्ग सारखे जवळ आलेले होते. गाणं ओळख लवकर करून देतं. टिकवायला इतर गोष्टीही चालतात.

व्हेनेझुएलात होझे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये मुलांसाठी वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. 'एल सिस्तेमा' या नावानं ती जगभर गाजली. गरिबीतून मुलांना संगीतानं बाहेर काढलं, असं तिच्याबद्दल सांगितलं जाई. पुढे मोठ्या प्रमाणावर नीट तपासणी झाली तेव्हा मुलांच्या आत्मसंयमात थोडी सुधारणा दिसली, बाकी बऱ्याच बाबतींत फरक सापडला नाही. आणि येणाऱ्या मुलांत गरीब मुलांचं प्रमाण त्या भागातल्या गरिबीच्या मानानं पुष्कळच कमी निघालं. व्हायोलिन शिकून मुलाचा हात बसतो, त्याच्या घराचं भाडं फिटत नाही. या कामातल्या उत्साही माणसांना हे ऐकायला आवडत नाही, पण त्यामुळे त्यांचं काम हलकं ठरत नाही.

[चौकट] गट जमवायचा असेल तर

वार आणि वेळ ठरलेली असावी. 'जमेल तसं' म्हटलं की कुणाचंच जमत नाही. चाल सोपी आणि झील लांब ठेवावी, म्हणजे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सामील होता येतं. प्रत्येकाकडे नेमून दिलेलं काम असावं: टाळ, चिपळ्या, पेटीचा भाता, वही धरणं, काहीही. कार्यक्रमाची तारीख असावी, प्रेक्षक चार असले तरी. उदास माणसाला एकट्यानं उदास गाणी ऐकत पडू देण्यापेक्षा तीच गाणी दोघांनी मिळून म्हणावीत. कुणाचंही औषध गाण्याच्या भरवशावर बंद करू नये. जीव नकोसा झालाय असं कुणी बोललं तर तालीम बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसावं. टेली-मानस या सरकारी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ आहे.

गळाच नसेल तर

"मला सूर नाही हो" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी लंडनमधल्या एका समूहाची गोष्ट. 'शाउट ॲट कॅन्सर' हे त्याचं नाव, आणि त्यातल्या गायकांचं स्वरयंत्र कर्करोगामुळे काढून टाकलेलं आहे. घशाचे डॉक्टर आणि स्वतः गायक असलेले थॉमस मूर्स यांनी तो सुरू केला.

स्वरयंत्र काढल्यावर माणूस मानेवर केलेल्या छिद्रातून श्वास घेतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवतात. छिद्र बोटानं झाकून श्वास सोडला की हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तिच्या वरच्या टोकाच्या भिंती थरथरतात आणि आवाज निघतो. हा आवाज खरखरीत, खालच्या पट्टीतला, बायकांचासुद्धा. वरच्या पट्टीत फारसं जाता येत नाही. अनेकांना सगळ्यात मोठा घाव बसतो तो फोन उचलण्यावर, दुकानात काही मागण्यावर. लोक वळून पाहतात, म्हणून ते बोलणंच सोडतात.

मूर्स यांनी या लोकांना श्वास लांबवायचे, आवाज वरखाली न्यायचे व्यायाम गाण्यातून शिकवले. ओठ, जीभ आणि गालांनी तालवाद्यांचे आवाज काढण्याची युक्तीही वापरली, कारण त्याला स्वरयंत्राची गरजच नाही. हे लोक सभागृहात तिकीट लावून गायले, त्यावर चित्रपटही निघाला. तंबाखू, गुटखा आणि विडी यांमुळे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे ढिगानं आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी शस्त्रक्रियेआधी रात्री-रात्री भजनात घालवलेल्या असतात. त्यांच्यासाठी असा गट चालवायला वाद्यं लागत नाहीत. झडपेची माहिती असलेला एक वाचाउपचारतज्ज्ञ, लय धरणारा एक माणूस आणि आठवड्यातून एक मोकळी खोली लागते.